हल्याला बैल करण्याचा प्रस्ताव

मागच्या वर्षी होळीनंतरच्या सोमवारी, मुंबई–आग्रा महामार्गावर सोनगीरच्या अलीकडे असलेल्या एका वॉटर पार्कमधून एक अस्वल आणि दोन ससे काढून टाकण्यात आले. तिघेही परदेशी कार्टूनमधले होते. अस्वलाच्या आत नशिराबादचा एक माणूस होता. सशांच्या आतली माणसे रोज बदलत. मुंबईहून वकिलाचे पत्र आले होते. ही पात्रे दुसऱ्याच्या मालकीची असून परवानगीशिवाय गेटवर नाचवता येणार नाहीत, असे त्यात म्हटले होते. पत्र दोन पानी होते. हे एक वाक्य सोडले तर उरलेली कलमे होती.

चौथ्या दिवशी पार्कचा मालक जळगावला माझ्या घरी आला. त्याआधी आमची ओळख नव्हती. पन्नाशीचा, रावेरकडचा केळीवाला. घरची केळी धाकटा भाऊ पाहतो आणि हा पार्क पाहतो, असे त्याने बसण्याआधीच सांगितले.

“भाऊ, तुम्ही धुळ्याच्या त्या पेपरात होते ना? रविवारच्या पुरवणीला?”

“होतो.”

“मग तो हल्या तुम्हाला माहीत असेल. पखालवाला.”

माहीत होता. त्याच्याबद्दल मला कोणी शेवटचे विचारले त्याला चाळीसेक वर्षे होत आली होती.

‘हल्याची खेप’ हे चार चौकटींचे चित्र आमच्या मुलांच्या पानावर दर रविवारी येत असे. मी तेव्हा त्या पानाचा उपसंपादक होतो. ती माझी पहिली नोकरी. चित्रात एक काळा हल्या, म्हणजे रेडा, त्याच्या पाठीवर पाण्याने भरलेली कातडी पखाल आणि पखालीवर बसलेला बगळा. हल्या नदीवरून निघायचा. कधी लग्नघरी पाणी पोचवायचे असे, कधी आग लागलेली असे, कधी शाळेत साहेब तपासणीला आलेले असत. पखालीला भोक होते. ते हल्याला माहीत नव्हते. बगळ्याला माहीत होते, पण तो हल्याला सांगत नसे, वाचकांना सांगत असे. चौथी चौकट ठरलेली होती. माणसे रिकाम्या पखालीत डोकावून पाहत आहेत आणि हल्या समोर बघत उभा आहे, काम वेळेत पार पाडल्यासारखा. तो कधी हसला नाही. रडलाही नाही. पुढच्या रविवारी तो पुन्हा निघत असे.

चित्र काढणारे धुळ्याच्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणत असू. दर बुधवारी शाळा सुटल्यावर ते सायकलवरून येत आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेले चित्र माझ्या टेबलावर ठेवत. चित्र एसटीने नाशिकला जाई, तिथे त्याचा जस्ताचा ब्लॉक होई आणि शुक्रवारी ब्लॉक एसटीनेच परत येई. मजकूर चित्राखाली शिशाच्या खिळ्यांत जुळवला जाई. हल्या अंगभर काळा असल्यामुळे शाई फार लागे. आमचा मशीनमन त्यावर चिडलेला असायचा.

“गुरुजी, तुमचा हल्या पाण्यापेक्षा शाई जास्त पितो,” तो एकदा म्हणाला.

पुढच्या बुधवारी गुरुजींनी हल्याच्या कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका सोडून आणला. शाईत किती बचत झाली कुणास ठाऊक. वाचकांना मात्र तो ठिपका हल्याची खूण वाटू लागला आणि पुढे तो कायम राहिला.

चित्र बंद कसे पडले हेही इथे नोंदवले पाहिजे. पेपरला नवे व्यवस्थापक आले. त्याच सुमारास एका वाचकाचे पत्र आले. रविवारी सकाळी डोळे उघडल्याबरोबर मुलांना यमाच्या वाहनाचे दर्शन होते, हे संस्कारांना धरून आहे काय, असा त्यात प्रश्न होता. व्यवस्थापकांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवले आणि तोडगाही सांगितला. चित्र तेच ठेवा, हल्याचा बैल करा, अंग पांढरे सोडा. शाईही वाचेल.

निरोप मी नेला. गुरुजी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात रंगाचे पेले धूत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“बैलाच्या पाठीवर पखाल नसते,” ते म्हणाले. त्या दिवशी ते एवढेच बोलले.

त्या रविवारी ‘जागेअभावी हे सदर थांबवण्यात येत आहे’ असे दोन ओळींचे निवेदन मी लिहिले. जागा होती. पुढचे दोन रविवार तिथे शब्दकोडे छापले. तिसऱ्या रविवारी काहीच हाताशी नव्हते, म्हणून वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. दिवाळी होऊन गेली होती.

गुरुजींनी त्यानंतर आमच्याकडे किंवा दुसरीकडे चित्र दिले नाही. ते घरीही काढत नसत, हे मला यंदा त्यांच्या मुलीकडून कळले.

मालकाच्या गावात आमचा पेपर सोमवारी दुपारी पोचत असे. त्याचे वडील त्याला मांडीवर घेऊन हल्या दाखवत. अस्वल गेल्यावर त्याला तो आठवला.

“पार्क पाण्याचा, हा पाणी घेऊन येतो. आणि आपल्याकडचा आहे. कोणता वकील पत्र पाठवेल सांगा,” तो म्हणाला.

माझ्याकडे त्या सदराची कात्रणे होती. एका जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत, नावांच्या यादीवरच चिकटवलेली. मालकाने फोनवर सगळ्या पानांचे फोटो घेतले. काही ठिकाणी हल्याच्या अंगातून मागचे नंबर दिसत होते.

पुढच्या शनिवारी मी त्याला धुळ्याला गुरुजींकडे नेले. दार मुलीने उघडले. ती बँकेत असते. वडिलांजवळ राहावे म्हणून बदली मागून धुळ्याला आलेली. गुरुजींनी ऐंशी ओलांडली आहे. ते खुर्चीत बसून कैऱ्या चिरत होते. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले.

“जागा झाली का?”

मी हो म्हणालो. मालकाला संदर्भ माहीत नव्हता. तो घाईने म्हणाला, “जागा भरपूर आहे, गुरुजी. आठ एकर.”

मग त्याने सगळा बेत सांगितला. हल्याचे मोठे डोके करायचे, आत माणूस राहील, खांद्यावर पखाल राहील, तो गेटवर येईल, मुलांवर पाणी उडवेल, नाचेल.

“नाचणार नाही,” गुरुजी म्हणाले.

“बरं. नाचणार नाही.”

“हसणारही नाही. तोंड माझ्या चित्रासारखं पाहिजे.”

“ठीक आहे.”

“आणि तो हल्याच राहील.”

“हल्याच हवाय, गुरुजी, त्यासाठीच तर आलो,” मालक म्हणाला आणि त्याने संमतिपत्र पुढे केले. त्याच्या वकिलाने ते आधीच तयार करून दिले होते. गुरुजींनी ते वाचले, घडी केली आणि कैऱ्यांच्या ताटाखाली ठेवले.

“गेटवर उभा राहिलेला बघेन. मग सही करीन. मागच्या वेळी फक्त तोंडी होतं.”

अशी ती अट ठरली. मालकाला उन्हाळ्याचा हंगाम हातातून जाण्याआधी एक पात्र हवे होते. गुरुजींना ते पात्र एकदा ज्या कारणाने बंद पडले त्याच कारणाने पुन्हा बंद पडलेले पाहायचे नव्हते. सही नसेल तर हल्या गेटवर कायम राहणार नव्हता, कारण वकिलाच्या पत्राचा मालकाने धसका घेतला होता.

डोके फायबरमध्ये करायला सुरतेच्या कारागिराने दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. मग मालक साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका गावात गेला. त्या भागात भोवाडा होतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून गावातली माणसे नाचतात. ते मुखवटे करणाऱ्या साठीच्या कारागिराने हल्याचे डोके तीन आठवड्यांत देतो म्हणून सांगितले. हल्याची डोकी त्याने जन्मभर केली होती. मालकाने फोनवरचा एक फोटो त्याला कागदावर छापून दिला आणि तो परतला.

दरम्यान फोनमधले फोटो मालकाच्या आईने पाहिले. घरात आणि पार्कात सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्या रावेरकडे राहतात, पण मार्च ते जून पार्कात येतात. त्यांनी नारळ फोडल्याशिवाय तिथली एकही घसरगुंडी सुरू झालेली नाही. त्या दिवशी मी पार्कच्या ऑफिसात होतो.

“हे काय रे?”

“हल्या, अक्का. गेटवर उभा करायचा आहे.”

“मले सांग, लोकं पान्यात उतरायले येतात. बारकी लेकरं येतात. अन् दारात यमाचा रेडा?”

“अक्का, ते कार्टून आहे.”

“यमाले काय म्हाईत कार्टून शे का काय शे?”

  मालकाने फोन खिशात ठेवला, पंख्याकडे पाहिले आणि मग मला म्हणाला, “भाऊ, एक करू. चित्र तेच ठेवू. बैल करू. पांढरा रंग देऊ, वशिंड लावू. गुरुजींना तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात.”

व्यवस्थापकांच्या तोडग्यात शाईचा उल्लेख होता. याच्यात नव्हता. बाकी प्रस्ताव तोच होता.

तोही निरोप मी नेला. गुरुजींची मुलगी बँकेत गेलेली होती. गुरुजी माझ्याशी एरवी पुस्तकी मराठीत बोलतात. त्या दिवशी बोलले नाहीत.

“तुम्ही पोस्टमन शेतस का हो? जव्हय येतस तव्हय हाईच पत्र आनतस.”

मी म्हणालो, मी फक्त विचारायला आलो आहे.

“मन्हा हल्या हल्याच शे. बैल कराना व्हई तं दुसरा गुरुजी शोधा.” मग ते मराठीत म्हणाले, “त्याने कुणाचं काय वाईट केलं? पाणीच नेत होता ना? पोचलं नाही, ती गोष्ट वेगळी.”

उत्तर मी फोनवर मालकाला कळवले. त्याने डोक्याचे काम थांबवले नाही, आणि नशिराबादच्या माणसाकडून पांढऱ्या रंगाचे दोन डबेही आणवून घेतले. कोणता निर्णय होईल हे त्यालाच माहीत नव्हते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, नऊ दिवस आधी कारागीर जीपने डोके घेऊन आला. ते एका लुगड्यात बांधलेले होते. मी गुरुजींना धुळ्याहून बरोबर आणले होते. पाहण्याचा त्यांचा हक्क होता. ऑफिसच्या टेबलावर गाठ सोडली. काम चोख होते. शिंगे दोन्ही बाजूंना हातभर, रंग गुळगुळीत काळा, कपाळावर पांढरा ठिपका बरोबर जागी. त्याखाली लाल डोळे, घालणाऱ्याच्या कोपरापर्यंत येईल अशी जीभ आणि वर-खाली मिळून चार सुळे होते.



“अस्वलाला एवढे दात नव्हते, शेठ,” नशिराबादचा माणूस म्हणाला.

अक्का दारातूनच मागे वळल्या.

भोवाड्यात हल्या एकच असतो, तो म्हणजे म्हैसासुर. शेवटच्या सोंगात देवी त्याला मारते. कारागिराच्या वडिलांनी तोच केला होता आणि आजोबांनीही तोच. फोटोतल्या हल्याला दात नाहीत हे त्याला दिसले होते. छापणाऱ्याची चूक असेल असे समजून त्याने ती दुरुस्त केली होती.

“आम्हनाकडे हल्यानं तोंड आसंच ऱ्हास, गुरुजी,” तो म्हणाला.

“दात काढी टाका.”

“दात काढी टाका तं त्याले कोन घाबरी?”

“कोन्ही घाबराले नको, भाऊ. तो पानी लई येस.”

कारागिराने डोक्याकडे पाहिले, मग गुरुजींकडे. “नुसतं पानी?”

“नुसतं पानी.”

“मंग देवी त्याले कसाले मारस?”

“ह्या हल्याले नहीं मारस.”

असा हल्या त्याने ऐकला नव्हता. तो काम करायला तयार झाला, पण तोंड कसे हवे ते काढून द्या म्हणाला. कात्रणांमधले तोंड अंगठ्याच्या नखाएवढे होते. गुरुजींनी खडू मागितला. ऑफिसात खडू नव्हता. तिकीटघरातून मार्कर आणला. त्यांनी आधी मार्कर हातात घेऊन थोडा वेळ तसाच धरला आणि मग टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर एक रेघ काढली. ती थरथरली. दुसरी कमी थरथरली. पाचव्या-सहाव्या कागदावर हल्या समोर बघत होता.

पुढचे दोन दिवस ते दोघे पार्कच्या पंपघराशेजारच्या खोलीत बसले. मी त्यांना सकाळी आणत होतो आणि संध्याकाळी पोचवत होतो. सुळे करवतीने कापले, जीभ काढली, भोके कागदाच्या लगद्याने बुजवली. डोळ्यांचा लाल रंग खरवडल्यावर खालचा कागद दिसू लागला. तिथे कोणता रंग द्यायचा यावर अर्धा दिवस गेला. शेवटी म्हशीच्या डोळ्याचा तपकिरी ठरला. कारागीर शिकत होता की शिकवत होता हे मला बाहेरून कळत नव्हते. एकदा तो म्हणाला, “गुरुजी, कान खाले लेवा, ऐकतो असा दिसी.” गुरुजींनी कान खाली घेतले.

डोके तयार झाल्यावर कारागिराने आपल्या अटी सांगितल्या. दात असोत वा नसोत, मुखवटा तो मुखवटा. डोक्यावर घेण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईने त्याची पूजा करायची, नारळ द्यायचा. घालणाऱ्याने पायात काही घालायचे नाही. पूजेशिवाय घातला तर सोंग अंगावरून उतरत नाही. एका गावात एकाचे उतरले नव्हते. तो माणूस अजून आहे, असे त्याने सांगितले. नशिराबादच्या माणसाने त्या गावाचे नाव विचारून घेतले.

हे सगळे अक्कांच्या कानावर घालावे लागले, कारण घरात वडीलधारी बाई त्याच होत्या. त्यांनी एक प्रश्न विचारला.

“त्या राक्षसालेबी नारय देतात?”

“पहिला नारय त्यालेच,” कारागीर म्हणाला. “मंग देवीले.”

 तिसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी मालकाला बोलावले. मीही गेलो. आखाजी चार दिवसांवर आली होती आणि त्यांच्यासमोर घागरींचा विषय चालू होता. आखाजीला पितरांच्या नावाने नवी घागर पाण्याने भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज आणि गोड सांजोरी ठेवतात आणि पूजा करतात. ते पाणी पितरांना पोचते असे मानतात.

“आपन आखाजीले पितरांले पानी देतो,” अक्का म्हणाल्या. “कोन नेतं ते?”

मालक घागरींकडे पाहू लागला.

“मी इचार केला. यमाच्या घरी जायाचं, तं हाच नेत असंल. दुसरं कोन जातं तिकडे? आखाजीले येऊ दे त्याले.”

“मग हल्याच ठेवू ना, अक्का?”

“आखाजीले ठेव. पन एक सांगून ठेवते. त्याले पाहून एकबी लेकरू रडलं, तं दुसऱ्या दिवशी बैल. मंग मले काही सांगू नको.”

मालकाने त्याच दिवशी वकिलाकडून संमतिपत्र पुन्हा टाइप करून घेतले. नव्या मसुद्यात ‘पात्राचा प्रकार’ या ओळीपुढे ‘हल्या / बैल (लागू नसेल ते खोडावे)’ असे होते. दोन्ही बाजूंनी तयारी राहावी, असे त्याचे म्हणणे. गुरुजींना मी अट सांगितली. ते म्हणाले, “लेकरं कशानंही रडतात.”  आखाजीला सकाळी न्यायला या, एवढे सांगितले.

आखाजीच्या दिवशी पार्क दहाला उघडला. माहेरी आलेल्या लेकी आणि त्यांची मुले मिळून गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. गुरुजी तिकीटघराच्या सावलीत खुर्चीवर बसले. त्यांच्या शेजारी मुलगी, तिच्या पर्समध्ये संमतिपत्र. अक्का गेटच्या आत उभ्या होत्या, मुलांच्या चेहऱ्याकडे पाहत. साडेदहाला त्यांनी पंपघरात जाऊन डोक्याला हळद-कुंकू लावले, नारळ फोडला आणि परत येऊन त्याच जागी उभ्या राहिल्या.

पखाल कातड्याची नव्हती. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची होती, आणि तिला खाली तोटी लावली होती. बेत असा होता की हल्याने गेटवर यायचे, तोटी उघडायची आणि मुलांवर पाणी उडवायचे.

पंपघर ते गेट सव्वाशे पावले आहेत. वाट फरशीची आहे. ऊन तापले होते आणि नशिराबादचा माणूस अनवाणी होता. पंधराव्या पावलाला त्याने तोटी उघडली आणि पाणी पायांपुढच्या फरशीवर सोडत, ओल्या जागेवर पाय ठेवत तो पुढे निघाला. हे त्याने नंतर स्वतः सांगितले. त्याला आतून डोके सावरायचे असल्यामुळे तो हळू चालत होता. मुले मागून आणि दोन्ही बाजूंनी येऊ लागली. काही धारेत पाय घालत होती. कोणी रडत नव्हते. अक्कांची नजर हलत नव्हती.

हल्या गेटवर पोचला. समोर मुलांची रांग उभी होती. तो थांबला, पखाल पुढे घेतली. तोटीतून दोन थेंब पडले आणि पाणी संपले. मुलांनी पखालीत डोकावून पाहिले. हल्या समोर बघत उभा राहिला. आतल्या माणसाला खाली पाहता येत नव्हते.

मी गुरुजींकडे पाहिले. ते खुर्चीतून थोडे पुढे झुकले होते. चौथ्या चौकटीबद्दल त्यांनी कोणाला काही सांगितले नव्हते आणि नशिराबादच्या माणसाने एकही कात्रण पाहिले नव्हते. हे मी दोघांना वेगवेगळे विचारून घेतले आहे.

तेवढ्यात रांगेतली तीनेक वर्षांची एक मुलगी रडू लागली. मोठ्याने.

मालकाने डोळे मिटले. अक्का पुढे झाल्या. गुरुजींच्या मुलीने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांनी तो बाजूला केला आणि उठून उभे राहिले.

रडणाऱ्या मुलीच्या आईने तिला कडेवर घेतले. “त्याला भ्यायली का गं? काही नाही करत तो.”

मुलगी मान हलवत रडत होती. अक्का तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“काबं रडतं? याले भेते?”

मुलगी हल्याकडे बोट दाखवून म्हणाली, “याचं पाणी संपलं.”

“मंग?”

“मला नाही मिळालं.”

अक्कांनी तिच्याकडे पाहिले, मग हल्याकडे.  

“ए, उभा काय ऱ्हायला?” अक्का हल्यावर ओरडल्या. “जाय, भरून आन!”

“अक्का,” हल्याच्या आतून आवाज आला, “पाय भाजतात हो.”

“तं चप्पल घाल.”

“चालत नाही ना. साक्रीवाल्यानं सांगितलंय.”

अक्कांनी तिकीटघराच्या नळाला लावलेला पाइप आणवला आणि वाट ओली करायला एका माणसाला उभे केले. हल्या वळला आणि पंपघराकडे निघाला. रडणारी मुलगी आईच्या कडेवरून उतरून त्याच्या मागे गेली. तिच्यामागे बाकीची गेली.

मालक आईजवळ आला. “मग उद्या?”

“उद्या काय?”

“बैल?”

“बैल पखाल वाहतो का रे?” अक्का म्हणाल्या आणि पाइपवाल्याला पाणी वाया घालवू नको म्हणून सांगायला गेल्या.

गुरुजींनी हे ऐकले. ते पुन्हा खुर्चीवर बसले आणि आपल्या मुलीकडे हात पुढे केला. तिने पर्समधून संमतिपत्र काढले. टेकायला काही नव्हते म्हणून मी तिकिटांच्या पुस्तकाचा पुठ्ठा दिला. गुरुजींनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. ‘बैल’ हा शब्द एकदा आडवा खोडला, त्यावरून आणखी एक रेघ मारली आणि सही केली. तारीख घालायची राहिली. ती घरी गेल्यावर त्यांच्या मुलीने घातली.